डाव्या हाताचा कोयता

सुकन्या जिममध्ये गेली ती नवऱ्याच्या आळसामुळे. पुढे ती राज्याचं सुवर्णपदक घेऊन आली, जिल्ह्यातली पहिली महिला शरीरसौष्ठवपटू म्हणून तिच्या नावाचे फ्लेक्स लागले, आणि सत्काराच्या भाषणांत ‘लहानपणापासूनची जिद्द’ वगैरे शब्द येऊ लागले. लहानपणी तिच्यात असली कुठलीही जिद्द नव्हती. लहानपणी ती शेळ्या वळायची. झालं एवढंच की तिच्या नवऱ्यानं, हनुमंतानं, तिसगावातल्या जिमची वर्षाची फी एकदम भरली आणि आठवडाभरात त्याचा उत्साह मावळला.

जत्रेत मेहुण्यानं त्याच्या पोटावरून चेष्टा केली होती, त्या रागात त्यानं पैसे भरले होते. पहिले काही दिवस तो गेला. मग अंग दुखायला लागलं, मग एक लग्न आलं, मग ‘उद्यापासून जातो’ सुरू झालं. जिमच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं की भरलेली फी परत मिळणार नाही. सुकन्या ही पातेल्याला चिकटलेलं पिठलंसुद्धा भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाणारी बाई. ती एक दिवस थांबली, दोन दिवस थांबली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अवो, तुमी जात न्हाई तर मी जाते. भरल्या फीचं काय लोनचं घालायचं?”

हनुमंताला वाटलं, बायको टोमणा मारतेय. बायको चपला घालून निघालीसुद्धा.

जिम म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम. मालक मच्छिंद्र एके काळी कुस्त्या मारायचा. गुडघा गेला तेव्हा त्यानं तालमीची माती सोडून लोखंड आणलं. दारात साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवून उभी असलेली बाई बघून तो गडबडला. त्याला वाटलं, झाडलोटीचं काम मागायला आलीय. काम कसलं ते कळल्यावर तो म्हणाला, “वहिनी, बायांची येळ न्हाई आपल्याकडं.”

“मग दुपारची उघडा. दुपारचे झोपताच की तुमी.”

मच्छिंद्र खरोखरच दुपारी झोपायचा, तेही जिममधल्याच बाकड्यावर. त्यानं एक लोखंडी दांडा दिला, दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी चकत्या घातल्या, आणि आता ही आपसूक घरी जाईल म्हणून बाजूला झाला. सुकन्यानं दांडा उचलून खांद्यावर घेतला, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, “ह्ये कुठं नेऊन ठिवायचं?”

“कुठंच न्हाई. खाली ठिवायचं.”

“खालीच ठिवायचं, तर मग उचललं कशाला?”

याचं उत्तर मच्छिंद्रला द्यायला बराच वेळ लागला, आणि ते तिला पटलं असंही नाही. पण तिच्या अंगात हे बळ कुठून आलं ते त्याला लगेच कळलं, कारण तो त्याच भागातला. पाथर्डीच्या त्या कोरड्या पट्ट्यातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात ती होळीलाच परततात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सुकन्या लग्न झाल्यापासून आठ हंगाम हनुमंताच्या बरोबरीनं ऊस तोडत होती. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रॉलीला लावलेल्या हलत्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची आणि परत यायचं. मच्छिंद्रचं लोखंड निदान स्थिर होतं, त्याची पानं डोळ्यांत जात नव्हती.

फी वसूल करायची म्हणून ती रोज गेली. आणि मग तिला ते आवडायला लागलं. आवडायला लागलं यापेक्षा वेगळं काही कारण तिनं कधी दिलं नाही. आयुष्यभर तिनं जे जे उचललं ते कुणाच्या तरी ट्रॉलीत, कुणाच्या तरी चुलीपाशी, कुणाच्या तरी जनावरापुढे नेऊन टाकलं होतं. हे तिचं तिचं होतं. हंगाम आला की ती तोडीला जायची, हंगाम संपला की पुन्हा दुपारची जिमला यायची. दोन वर्षांत तिची पाठ अशी भरली की साडीच्या ब्लाऊजची शिवण दोनदा उसवून सैल करावी लागली.

मच्छिंद्रच्या डोक्यात तोवर वेगळंच शिजायला लागलं होतं. नगरला जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती, त्यात यंदा पहिल्यांदा महिलांचा गट ठेवला होता. त्यानं हळूच विषय काढला आणि त्याहून हळू आवाजात सांगितलं, की रंगमंचावर कपडे कसले असतात.

या कपड्यांवरून गावात जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याला गाव माहीत आहे त्याला ते माहीत आहे. पारावर चर्चा झाली, भावकीतली दोन वडीलधारी माणसं घरी येऊन चहा पिऊन गेली, अब्रू हा शब्द बऱ्याच वेळा निघाला. हीच माणसं दरवर्षी आपल्या सुनांना तोडीला पाठवत होती, आणि तिथं चार काठ्यांना लुगडं गुंडाळून उघड्या रानात बाई अंघोळ करते, तेव्हा ही अब्रू कुठं वस्तीला जाते ते कुणी विचारत नव्हतं. सुकन्यानंही ते बोलून दाखवलं नाही. ती भाकरी थापत राहिली.

सासू लंकाबाई मात्र बोलायची थांबली नाही. लंकाबाईनं जन्मभर ऊस तोडला होता. कंबर धरली तेव्हा कोयता खाली ठेवला आणि नात पंकजा हिच्या शाळेसाठी गावी राहायला लागली. तिला कपड्यांपेक्षा रंगाचं जास्त आश्चर्य वाटलं. स्पर्धेआधी अंगाला गडद रंग फासतात, म्हणजे दिव्यांच्या उजेडात स्नायू उठून दिसतात, हे ऐकून ती म्हणाली, “काळी हाय म्हनून हिच्या बापाला पाच ठिकानी नकार आला. आन् आता पैशे दिऊन आनखी काळी करून घेती का? करा बाबा, कलियुग हाय.”

हनुमंतानं तिसऱ्या दिवशी जेवता जेवता विचारलं, “तिथं पंखे लावत्यात का? म्हंजे, थंडी वाजंल का तुला?” त्याची परवानगी ती एवढीच.

जिल्ह्याच्या स्पर्धेत सुकन्या पहिली आली. महिलांच्या गटात ती एकटीच होती. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे तर वासरंही नव्हती. गावानं या गोष्टीचा पुरेपूर समाचार घेतला. किराणा दुकानात कुणी तरी विचारायचं, “वहिनी, दुसरी कोन आली हो?” ती पिशवी उचलून घरी यायची. पण हे तिला लागलं. पदक तिनं पत्र्याच्या पेटीत तळाला टाकलं, वर रजया ठेवल्या, आणि मच्छिंद्रला सांगितलं की जिथं दुसऱ्या बाया असतील तिथं मला न्या.

दुसऱ्या बाया कोल्हापूरला होत्या. राज्याच्या स्पर्धेत सहा जणी उतरल्या, सुकन्या पाचवी आली. निकालानंतर पांढऱ्या केसांचे एक पंच तिला भेटले. माणूस भला होता, त्यामुळे खरं बोलला. “ताई, तुमच्यासारखी पाठ इथं कुणाचीच नाही. पण उजवा खांदा बघा आणि डावा बघा. उजवा दंड बघा आणि डावा बघा. दोन वेगळ्या बायका मधोमध शिवल्यासारखं दिसतंय. आमच्याकडे दोन्ही अंगं सारखी लागतात. नाहीतर वर्षानुवर्षं पाचव्याच येत राहाल.”

लॉजवर आल्यावर तिनं आरशासमोर दोन्ही हात वर केले. तोपर्यंत तिनं स्वतःला एवढं निरखून कधी बघितलंच नव्हतं. पंच खोटं बोलत नव्हते. डावा हात दहा वर्षं ऊस धरत आला होता, उजवा घाव घालत आला होता. जिममधल्या दोन वर्षांनी दोन्हीवर मांस चढवलं, पण खालचा साचा कोयत्याचा होता. तिला स्वतःचा राग आला, मग कोयत्याचा आला, आणि मग नुसतंच वाईट वाटलं.

पुढची राज्याची स्पर्धा फेब्रुवारीत होती, आणि तीही नगरला. मच्छिंद्रनं हिशेब सरळ मांडला: यंदा तोडीला जायचं नाही, पाच महिने डाव्या बाजूवर काम करायचं. सांगायला सोपं होतं. सुकन्या गेली नाही तर हनुमंत अर्धा कोयता होणार, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. घेतलाच तर कुठल्या तरी दुसऱ्या अर्ध्याशी त्याची जोडी लावतो, आणि मग दोघांचीही दिवसभर भांडणं. गेली तर उजवा हात आणखी भरणार. गेलं तर पदक जातं, राहिलं तर घर बसतं.

मग एका संध्याकाळी तिनं सुरी डाव्या हातात घेऊन वांगी चिरायचा खटाटोप केला आणि हनुमंताला म्हणाली, “म्या डाव्या हातानं ऊस तोडते.”

हनुमंत हसला. लंकाबाई हसली नाही. ती म्हणाली, “फडात डावरा मानूस म्हंजे इपरीत. सगळ्यांचे घाव एका अंगानं पडत्यात, तुजा दुसऱ्या अंगानं पडंल.” पण निर्णय झाला होता.

दसरा झाला आणि ट्रॅक्टर भरला: भांडी, रजया, कोंबड्या, पत्रे, आणि मच्छिंद्रकडून मागून आणलेला दांडा व चकत्या. मुकादम सूर्यभान म्हणाला, “उसाचं वजन कमी पडतंय का तुला?” तरी त्यानं ते घेतलं. सूर्यभान तोंडानं फाटका पण माणूस अनुभवी. श्रीरामपूरच्या पुढे, कारखान्याजवळ टोळीच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडल्या, उसाचा पहिला फड लागला, तेव्हा त्यानं सगळी टोळी थांबवली. सुकन्याला त्यानं अगदी कडेच्या सऱ्या दिल्या आणि बाकीच्यांना बजावलं, की हिच्या डावीकडं कुणी फिरकायचं नाही. पाणी प्यायला जायचं तरी लांबून वळसा घालून.

सगळ्यांना त्यानं तिच्या डाव्या बाजूनं हलवलं. फक्त हनुमंताला नाही. हनुमंत तिच्या डावीकडेच उभा राहिला, कारण तो नेहमी तिथेच असायचा. पूजेला बसताना बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, तशी ती दहा हंगाम सरीत त्याच्या उजवीकडे होती. तो नवरा होता, त्याला काय सांगायचं? हे सूर्यभानाच्या डोक्यात आलं नाही, हनुमंताच्या आलं नाही, आणि तिच्याही आलं नाही. नंतर तिला राहून राहून याचंच नवल वाटायचं.

पहिले पंधरा दिवस हाल झाले. घाव बुडात बसायचा नाही, एका उसाला तीन तीन घाव लागायचे, कोयता निसटून मातीत जायचा. दुपारी बाकीच्या जोड्या पुढे जायच्या आणि हे दोघं मागे राहायचे. हनुमंत स्वतःची सरी संपवून तिच्या सरीत यायचा. चिडला की मोळ्या जरा जोरात आपटायचा. मग हळूहळू डावा हात रुळला. संक्रांतीच्या आधीच ती इतर बायांच्या बरोबरीला आली. कोपीसमोर ती दांडा उचलायची, उकडलेली अंडी खायची, शेजारच्या कोप्यांतल्या बाया लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग जवळ येऊन तिचा दंड चिमटीत धरून बघायच्या. “डावाबी तसाच झाला की गं,” एकजण म्हणाली. त्या दिवशी सुकन्या फार खूश होती.

जानेवारी संपत आला होता. सकाळची थंडी, पानांवर दव, मुठी ओल्या. सुकन्यानं तीन ऊस एका मुठीत धरले आणि डाव्या हातानं बुडाशी घाव घातला. दोन तुटले, एक राहिला. तिनं कोयता पुन्हा उचलला. हनुमंत पलीकडच्या सरीत वाकला होता. त्याला ऊस तुटल्याचा आवाज आला आणि दहा वर्षं घालत आला तसा त्यानं वर न बघता तुटलेला ऊस घ्यायला हात घातला. त्या बाजूला कायम तिचा ऊस धरणारा हात असायचा, कोयत्याचा नाही. घाव खाली येत होताच.

हनुमंत ओरडला नाही. त्यानं हात वर धरून बघितला आणि म्हणाला, “आरं, बोट.”

डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. सूर्यभानानं स्वतःचा रुमाल घट्ट बांधला, मोटरसायकलवर बसवून त्याला श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरांनी हात शिवला, बोट जोडण्यासारखं राहिलं नव्हतं. सुकन्या दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तिच्या हाताला अजून उसाचा चिकटा होता आणि तो धुवायला उठावं एवढंही तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई आली. पंकजाला मावशीकडे ठेवून, दोन एसट्या बदलून आली. तिनं लेकाचा हात बघितला, मग सुनेकडे वळली. “माज्या लेकाचं बोट तोडलंस. तुजी डावी बाजू भरावी म्हनून माज्या लेकाचं बोट तोडलंस.” ती थांबली नाही; कोप्यांतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. सुकन्याला प्रत्येक शब्द मान्य होता.

पण कोयता बंद ठेवून चालणार नव्हतं. सकाळी लंकाबाईनं पदर खोचला, लेकाचा कोयता घेतला आणि सुनेशेजारी सरीत उभी राहिली. कंबर धरलेली म्हातारी, तरी हात विसरलेला नव्हता. सुकन्यानं कोयता उजव्या हातात घेतला होता. दांडा आणि चकत्या कोपीमागे पाचटात पडून होत्या. मच्छिंद्रचा फोन आला की ती फोन वाजू द्यायची. हनुमंत म्हणायचा, “उचल की.” ती म्हणायची, “काय बोलू?”

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा लंकाबाईनंच विषय काढला. जेवायची वेळ होती. बांधावर दोघी बसल्या होत्या, मधे भाकरी आणि ठेचा.

“कवा जायाचं हाय नगरला?”

“म्या न्हाई जायची.”

“का?”

सुकन्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. लंकाबाईनं घास गिळला, पाणी प्यायलं. “बोट गेलं ते गेलं. तू गेलीस तरी ते येनार न्हाई, न्हाई गेलीस तरी येनार न्हाई. पर न्हाई गेलीस तर ते उगंच गेलं. माज्या लेकाचं बोट म्या उगंच जाऊ द्यायची न्हाई.” मग तिनं भाकरीचा उरलेला तुकडा सुनेच्या हातावर ठेवला. “आन् ती अंडी खात जा. सूर्यभानाच्या बायकूला दिऊन टाकतीस ती.”

हे प्रेम होतं की हुकूम, ते सुकन्याला कळलं नाही. तिनं मच्छिंद्रला फोन लावला.

नगरच्या सभागृहात यंदा महिलांच्या गटात नऊ जणी होत्या. मुंबईच्या, पुण्याच्या, एक सांगलीची. पडद्यामागे अंगाला रंग लावताना सांगलीची मुलगी म्हणाली, “तुम्हाला रंगाचा एकच हात पुरतोय, आम्हाला तीन तीन लागतात.” सुकन्याला सासूची आठवण आली आणि अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली.

रंगमंचावर मात्र ती हसू शकली नाही. चेहऱ्यावर हसू ठेवायचं असतं, तेही गुणांत धरतात. मच्छिंद्र खालून दोन्ही गाल ओढून दाखवत होता. तिसऱ्या रांगेत हनुमंत बसला होता, पांढरं बँडेज मांडीवर. पंचांनी सांगितलं, पुढून दोन्ही दंड. नऊ जणींनी हात वर केले. सुकन्याचा उजवा गेला. डावा अर्ध्यावर अडखळला. हा हात सगळ्यांना दाखवायची तिला लाज वाटली. कपड्यांची वाटली नव्हती ती हिची वाटली. हनुमंतानं ते बघितलं. त्याला टाळी वाजवता येत नव्हती. त्यानं उजवा हात मांडीवर जोरात आपटला आणि कुस्तीच्या फडात ओरडावं तसा ओरडला, “डावा दाव, डावा!”

लोक हसले. तिनं डावा वर केला.

निकाल लागला तेव्हा कोल्हापूरचे तेच पांढऱ्या केसांचे पंच पदक घालायला आले. मनापासून खूश होते. “कमाल केलीत ताई. चार-पाच महिन्यांत दोन्ही अंगं एकसारखी. हे कसं साधलंत?” मच्छिंद्र मधेच म्हणाला, “लई कष्ट घेतले सर.” फोटो काढले गेले. फोटोत हनुमंतानं डावा हात पाठीमागे घेतलेला आहे.

दुसऱ्या दिवशी ती परत फडावर होती, कारण हंगाम संपला नव्हता. होळीनंतर गावी आल्यावर सत्कार झाला. तिसगावात फ्लेक्स लागले. त्यावर नेत्यांचे फोटो मोठे होते, हे ठरलेलंच. पण स्पर्धेतला फोटो लावायचा कसा, असा कार्यकर्त्यांना प्रश्न पडला. शेवटी त्यांनी तिच्या लग्नाच्या अल्बममधला फोटो मिळवला. त्यामुळे कपाळाला मुंडावळ्या, डोक्यावरून शालू आणि खाली ‘राज्य शरीरसौष्ठव विजेती’ अशी सुकन्या पावसाळ्यापर्यंत चौकात लटकत होती. लंकाबाईला तो फ्लेक्स फार आवडला. पाऊस लागला तेव्हा तिनं तो मागून आणला आणि शेळ्यांच्या गोठ्यावर घातला.

पदकानं आणखी एक झालं. मच्छिंद्रची दुपारची झोप कायमची गेली. आधी दोन मुली आल्या, मग एक अंगणवाडीची बाई, मग पाठदुखीनं हैराण झालेल्या तोडीच्याच चौघी. सुकन्या त्यांना शिकवायची. कुणी विचारलंच, की उचलून परत खालीच ठेवायचं तर उचलायचं कशाला, तर म्हणायची, “महिनाभर उचल, मंग सांग.” मच्छिंद्र पुढच्या फेब्रुवारीचं बोलायचा. ती म्हणायची, “बघू.” तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दसरा आला. पदकं पोट भरत नाहीत. ट्रॅक्टर पुन्हा दारात उभा राहिला. हनुमंताचा हात भरून आला होता, चार बोटांनी ऊस धरायचा सराव त्यानं घरच्या ज्वारीच्या ताटांवर केला होता. पहिला फड लागला. सूर्यभानानं सऱ्या वाटल्या, या जोडीला सवयीनं कडेच्याच दिल्या, आणि माणसं वाकली. सुकन्या आपल्या सरीत जाऊन उभी राहिली. कोयता तिच्या उजव्या हातात होता.

हनुमंत तिच्या डावीकडे आला, त्यानं तिच्या हाताकडे बघितलं आणि तो वाकला नाही.

“उजव्यानं का?”

“असंच.”

“फेब्रुवारीला काय करनार?”

“काय न्हाई करनार. झालं तेवढं लई झालं.” ती त्याच्या हाताकडे बघत नव्हती. “पुन्यांदा डाव्यानं न्हाई. मला न्हाई हुनार, अवो.”

बाकीच्या जोड्या दोन-दोन वाव पुढे गेल्या होत्या. मग हनुमंतानं पाण्याचा कॅन उचलला, आपला कोयता उचलला, तिच्या पाठीमागून वळसा घातला आणि तिच्या उजवीकडच्या सरीत जाऊन उभा राहिला. त्या बाजूला तो कधीच उभा राहिला नव्हता. त्याला ते अवघड वाटत होतं, ते दिसत होतं. पाय कुठं ठेवायचे ते तो ठरवत होता.

“मी हिकडं झालो,” तो म्हणाला. “तू डाव्यानं तोड.”

ती हलली नाही.

“तोड की. किती येळ हुभी ऱ्हातीस?”

तिचे डोळे भरले होते, त्यामुळे तिनं मान खाली घातली. कोयता उजव्या हातातून डाव्यात घेतला. दोन ऊस मुठीत धरले, घाव घातला, तुटले. मग तिनं कोयता पाठीमागे नेला आणि मोठ्यानं म्हणाली, “घ्या.”

तेव्हाच उजवीकडून हात आला आणि ऊस घेऊन गेला. पुढच्या मुठीला ती पुन्हा म्हणाली, “घ्या.” मग पुन्हा. शेजारच्या जोडीतला एकजण ओरडला, “वहिनी, प्रसाद वाटताय का?” सगळा फड हसला. ती म्हणत राहिली. दुपारपर्यंत तिचा घसा बसला, आवाज फुटेना. तेव्हा हनुमंतच प्रत्येक मुठीला थांबून विचारू लागला, “घिऊ का?” आणि ती कोयता पाठीमागे नेऊन मान हलवायची.